प्रादेशिक इंग्रजीवर ‘चूक’ हा शिक्का नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील इंग्रजी शिकवणारे सदर मी सुरुवातीपासून नेमाने वाचते. काळ, शब्दयोगी अव्यये आणि उच्चार यांविषयीची त्यातील माहिती नेटकी असते आणि अनेक विद्यार्थ्यांना तिचा उपयोग होत असणार, याविषयी मला शंका नाही. परंतु मागील दोन भागांत ‘सर्रास होणाऱ्या चुका’ या मथळ्याखाली जी यादी छापली गेली, तिच्यात ‘यूझ’ (अनेकांना उद्देशून ‘यू’), ‘गॉटन’ (‘गॉट’ऐवजी), ‘ॲक्स’ (‘आस्क’ऐवजी), ‘वुई वॉज’ (‘वुई वर’ऐवजी), ‘हिजसेल्फ’ (‘हिमसेल्फ’ऐवजी) अशी रूपे एका रांगेत बसवून ती सगळी ‘अशिक्षितांची इंग्रजी’ म्हणून निकालात काढली आहेत. यांतील एकही रूप अज्ञानातून आलेले नाही. प्रत्येकाला प्रदेश आहे, वय आहे आणि नियम आहे. गेली अनेक वर्षे मी इंग्रजी माहितीपटांची मराठी उपशीर्षके लिहिण्याचे काम करते, आणि या विषयावर इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण म्हणजे माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे.

पश्चिम यॉर्कशायरमधील लोकरीच्या गिरण्यांवरचा एक माहितीपट माझ्याकडे आला होता. त्यात ऐंशी ओलांडलेली एक बाई आपल्या गिरणीतल्या दिवसांविषयी बोलत होती. पहाटेच्या अंधारात कामावर चालत जाण्याची आठवण सांगताना ती म्हणाली, ‘वुई वर फेअर स्टार्व्ह्ड.’ मी लिहिले, ‘भुकेने आमचा जीव कासावीस व्हायचा.’ वाक्य मराठीत बरे उतरले होते, गिरणी कामगारांच्या गरिबीशी जुळतही होते, म्हणून मी पुढे गेले. पुढच्याच वाक्यात ती म्हणाली की, आई पोटभर लापशी खाऊ घातल्याशिवाय कोणाला घराबाहेर पडू देत नसे. मी थांबले, चित्र मागे नेले आणि आवाज बंद करून नुसते तिच्याकडे पाहिले. ‘स्टार्व्ह्ड’ म्हणताना तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते आणि खांदे कानांपर्यंत वर ओढले होते. ती भुकेविषयी बोलतच नव्हती. ती थंडीविषयी बोलत होती.

उत्तर इंग्लंडच्या बोलींमध्ये ‘स्टार्व्ह्ड’ म्हणजे गारठून गेलेला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या धातूचा अर्थ नुसता ‘मरणे’ असा होता, मग ते मरण कशानेही येवो. जर्मन भाषेतील ‘श्टेर्बेन’ या सख्ख्या शब्दाचा अर्थ आजही तोच आहे. पुढे प्रमाण इंग्रजीने त्यातील भुकेने मरण्याचा अर्थ तेवढा उचलला, उत्तरेकडे थंडीने मरण्याचा अर्थही टिकून राहिला, आणि दोन्हीकडे मरण गळून नुसती भूक किंवा नुसता गारठा उरला. म्हणजे त्या बाईने शब्द चुकीच्या अर्थाने वापरला नव्हता; मूळ शब्दाच्या दोन वाटांपैकी एकच मला शिकवली गेली होती आणि दुसरी वाट मला ठाऊकच नव्हती.

त्याच मुलाखतीत पुढे आणखी दोन खड्डे होते. ती म्हणाली की, मागणी घटली की सगळ्या बायका ‘लेकिंग’ असायच्या. हा शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांबरोबर उत्तर इंग्लंडमध्ये रुजला; त्याचा मूळ अर्थ खेळणे. मुले रस्त्यावर ‘लेक’ करतात म्हणजे खेळतात, पण गिरणी बंद पडून कामगार ‘लेक’ करू लागतात तेव्हा त्यांची रोजी बुडालेली असते. खेळणे आणि बेकारी यांना एकच शब्द असावा, यात त्या गिरणगावांचा केवढा इतिहास साठलेला आहे! दुसरा शब्द अगदीच साधा होता: ‘व्हाइल’. शाळेत आपण शिकतो की ‘व्हाइल’ म्हणजे एखादी गोष्ट चालू असताना. यॉर्कशायरमध्ये मात्र ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊपासून पाचपर्यंत. ज्या अनुवादकाला हे ठाऊक नाही, त्याच्या हातून वाक्याचा अर्थच फिरतो.

आपल्या सदराचा मूळ समज असा दिसतो की, प्रमाण इंग्रजी आधी होती आणि बोली म्हणजे तिची मोडतोड. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. बोली आधी होत्या. त्यांपैकी लंडन आणि आसपासच्या प्रदेशातील एका बोलीला राजदरबार, कचेऱ्या आणि पुढे छापखाने यांचा आधार मिळाला, आणि ती प्रमाण ठरली. इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढणाऱ्या विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितलेली हकीकत या संदर्भात वाचण्यासारखी आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून गलबताने आजच्या नेदरलँड्समधील झीलंडकडे निघाले होते, वारा पडला म्हणून ते किनाऱ्यावर उतरले आणि त्यांच्यापैकी एकाने एका घरी जाऊन खायला मागितले, विशेषतः ‘एग्ज’. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती आणि त्याला हवी होती फक्त अंडी. शेवटी दुसऱ्या एकाने ‘आयरन’ हवेत असे सांगितल्यावर तिला कळले. ‘आयरन’ हे दक्षिणेकडचे जुने इंग्रजी रूप, तर ‘एग’ हा उत्तरेकडून पसरत आलेला स्कँडिनेव्हियन वळणाचा शब्द. आता माणसाने लिहायचे तरी काय, असा प्रश्न कॅक्स्टनने विचारला आहे. आज जगभरची मुले पहिल्या इयत्तेत जो ‘एग’ शिकतात, तो त्या बाईच्या दारात परका ठरलेला प्रादेशिक शब्द आहे. त्या काळी कोणी चुकांची यादी केली असती, तर ‘एग’ तिच्यात गेला असता.

व्याकरणाचेही तेच. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ह्ज’ यांना आपल्या सदराने हास्यास्पद म्हटले आहे. प्रमाण इंग्रजीत ‘मायसेल्फ’, ‘युअरसेल्फ’, ‘अवरसेल्व्ह्ज’ ही रूपे षष्ठीच्या सर्वनामापासून होतात, मग तिसऱ्या पुरुषी पुल्लिंगात आणि अनेकवचनातच ती ‘हिमसेल्फ’ आणि ‘देमसेल्व्ह्ज’ का होतात, याचे उत्तर कोणताही शिक्षक ‘तशी रूढी आहे’ एवढेच देऊ शकतो. बोलीने उलट सगळ्यांना एकच नियम लावला आहे. नॉरफक परगण्यात ‘शी गो’, ‘ही मेक’ असे म्हणतात, त्याचीही गोष्ट वेगळी नाही. वर्तमानकाळात फक्त तृतीय पुरुषाच्या एकवचनाला ‘स’ लावण्याची प्रमाण इंग्रजीची तऱ्हा आपल्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे छळते. नॉरफकच्या बोलीने तो एकुलता एक अपवादही काढून टाकला. या रूपांना अप्रमाण म्हणावे, परीक्षेत लिहू नये असेही सांगावे, परंतु त्यांना नियम नाही असे म्हणता येणार नाही.

‘यूझ’विषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मराठी माणसाला हा शब्द समजायला सर्वांत सोपा आहे. इंग्रजीत पूर्वी एकाला ‘दाउ’ आणि अनेकांना ‘यू’ असे. पुढे आदरासाठी एकालाही ‘यू’ म्हणू लागले, आपण एकालाच ‘तुम्ही’ म्हणतो तसे, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास शिष्ट इंग्रजीतून ‘दाउ’ जवळजवळ नाहीसे झाले. आदर राहिला आणि वचन हरवले. प्रमाण इंग्रजीतील ‘यू’ हा शब्द आला की मराठी उपशीर्षककाराला दरवेळी थांबावे लागते: समोर एक माणूस आहे की दहा, मित्र आहे की साहेब? ही उणीव प्रमाण भाषेने तशीच राहू दिली, पण बोलींनी ती आपापल्या परीने भरून काढली. आयर्लंड, लिव्हरपूल, ग्लासगो, न्यूकॅसल इथे ‘यूझ’ आले. अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘यॉल’ आले. पिट्सबर्गमध्ये ‘यिन्झ’ आले. यॉर्कशायरमध्ये तर जुन्या ‘दाउ’चेच ‘दा’ आणि ‘दी’ असे अवशेष विसाव्या शतकातही घरोघर होते, आणि लहान मुलाने वडीलधाऱ्या माणसाला ‘दा’ म्हटले तर त्याला दटावले जाई. ‘मला अरेतुरे करू नकोस’ हे वाक्य ज्यांच्या कानांवरून गेले आहे, त्यांना यात काही समजावून सांगावे लागणार नाही. २०१३ साली ईशान्य इंग्लंडमधील टीसाइड भागातल्या एका प्राथमिक शाळेने पालकांना पत्र पाठवून मुलांच्या तोंडचे जे प्रयोग घरी सुधारायला सांगितले होते, त्यांत ‘यूझ’ होते. मुलांना प्रमाण भाषा यावी ही शाळेची तळमळ मी समजू शकते. पण जे मूल एक आणि अनेक यांत फरक करते, त्याला तू चुकतोस असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

‘ॲक्स’ म्हणजे ‘आस्क’चा अपभ्रंश, असे सदरात म्हटले आहे. जुन्या इंग्रजीत ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती, आणि १५३५ साली छापल्या गेलेल्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ या प्रसिद्ध वचनाची सुरुवातच ‘ॲक्स’ने होते. आज कॅरिबियन बेटांतील आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या तोंडी हे रूप प्रामुख्याने ऐकू येते, आणि त्याला हसणारे लोक बहुधा शब्दाला हसत नसतात, बोलणाऱ्याला हसत असतात. ‘गॉटन’चीही कथा तशीच. हे अमेरिकेने बिघडवलेले रूप नसून, इंग्लंडहून गेलेल्या लोकांनी सोबत नेलेले आणि मागे राहिलेल्यांनी बहुतांशी सोडून दिलेले रूप आहे. पानगळीच्या ऋतूला अमेरिकेत म्हणतात तो ‘फॉल’ हा शब्दही असाच इंग्लंडमधून गेलेला आहे.

या शब्दांकडे अभ्यासकांनी किती गांभीर्याने पाहिले, हे आपल्या वाचकांना कळले तर त्यांना आनंद होईल असे वाटते. जोसेफ राइट यांचे उदाहरण माझ्या फार जवळचे आहे. १८५५ साली ब्रॅडफर्डजवळच्या थॅकली गावात जन्मलेला हा मुलगा सहाव्या वर्षी खाणीवर गाढवाची गाडी हाकत होता आणि नंतर सॉल्टेअरच्या गिरणीत भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या बसवत होता. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हते. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यातील युद्धाच्या बातम्या सोबतचे कामगार वर्तमानपत्रातून वाचून दाखवत, त्या आपल्याला स्वतः वाचता याव्यात म्हणून तो अक्षरे शिकला. त्यानंतर रात्रशाळा, मग जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठ, आणि १९०१ साली ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापकपद असा त्याचा प्रवास झाला. या प्रवासातच त्याने आपल्या लहानपणच्या विंडहिल गावच्या बोलीचे व्याकरण लिहिले आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश सिद्ध केला. ज्या बोलीमुळे त्याला कोणीही अडाणी म्हटले असते, ती त्याने टाकून दिली नाही. तिच्यासाठी त्याने आयुष्य वेचले. ‘स्टार्व्ह्ड’ची माझी चूक कळल्यानंतर मी प्रथम त्याच कोशाचा आधार घेतला.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर लीड्स विद्यापीठातील हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑयगेन डीट यांनी इंग्लंडच्या बोलींची पाहणी आखली. १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी, मुख्यतः खेड्यांत, जन्म त्याच गावी गेलेल्या वृद्ध माणसांना तेराशेच्या आसपास प्रश्न विचारले गेले. या प्रश्नांची रचना मला विशेष विचारपूर्वक केलेली वाटते. हवा असलेला शब्द विचारणाऱ्याने स्वतः उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, हातवारे करायचे, अर्धे वाक्य सोडायचे, आणि समोरच्याच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर येऊ द्यायचा. नाहीतर माणूस पाहुण्याला बरे वाटावे म्हणून पाहुण्याचाच शब्द परत करतो. या पाहणीतून जे नकाशे तयार झाले, त्यांत ओढ्याला उत्तरेच्या टोकाला ‘बर्न’, त्याखाली ‘बेक’ आणि दक्षिणेकडे ‘ब्रुक’ म्हणणारे प्रदेश वेगवेगळे दिसतात. आणि ‘बेक’चा पट्टा नेमका तिथे आहे, जिथे नवव्या-दहाव्या शतकांत स्कँडिनेव्हियन लोकांनी वस्ती केली. अकराशे वर्षांपूर्वीच्या वसाहतीची सीमा आजच्या शेतकऱ्याच्या तोंडच्या एका शब्दावरून आखता येते.

घरांच्या मधून जाणाऱ्या बोळाचे उदाहरण घेतले तर ही विविधता आणखी जवळून दिसते. लीड्स आणि मँचेस्टरमध्ये तो ‘गिनेल’ असतो, यॉर्कशायरमध्येच अन्यत्र ‘स्निकेट’, लेस्टरकडे ‘जिटी’, नॉटिंगहॅममध्ये ‘ट्विचेल’, ससेक्समध्ये ‘ट्विटन’, लिव्हरपूलमध्ये ‘जिगर’. हल शहरात घरांच्या मागच्या वाटेला ‘टेनफूट’ म्हणतात, कारण ती दहा फूट रुंद असते. स्कॉटलंडमधला ‘व्हेनेल’ फ्रेंचमधून आला. गिनेल दोन भिंतींच्या मधला आणि स्निकेट झाडांच्या कुंपणांमधला, असा भेद काही जण सांगतात, तर काहींना तो मान्य नाही. उपशीर्षकात मी या सगळ्यांसाठी ‘बोळ’ एवढेच लिहू शकते, आणि प्रत्येक वेळी बोलणारा माणूस कोणत्या गावचा हे मराठी प्रेक्षकाला सांगायचे राहून जाते. लहान गोल पावाचेही असेच. तो मँचेस्टरकडे ‘बार्म’, डार्बी आणि नॉटिंगहॅमकडे ‘कॉब’, कव्हेंट्रीत ‘बॅच’, अन्यत्र ‘बॅप’ किंवा ‘रोल’. यांतील ‘बार्म’ म्हणजे बिअर आंबताना वर येणारा फेस; पूर्वी त्यावर कणीक फुगवत असत, आणि ती रीत मागे पडली तरी तिचे नाव पावाला चिकटून राहिले.

अमेरिकेतील परिस्थिती निराळी नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक कॅसिडी यांच्या नेतृत्वाखाली १९६५ ते १९७० या काळात १,००२ गावांमधून शब्द गोळा केले गेले. त्यातून तयार झालेल्या प्रादेशिक कोशाचा पहिला खंड १९८५ साली निघाला आणि ‘झेड’ अक्षर गाठायला २०१२ साल उजाडले. कॅसिडी स्वतः २००० साली वारले. ‘आता झेडपर्यंत’ अशा अर्थाचे शब्द त्यांच्या समाधीशिळेवर कोरलेले आहेत. आपल्या सदरात ‘पेव्हमेंट म्हणजे पदपथ’ असे सरळ सांगून टाकले आहे. ब्रिटनमध्ये ते खरे आहे, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘पेव्हमेंट’ म्हणजे रस्त्याचा डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग, आणि फिलाडेल्फियाच्या बाजूला पुन्हा पदपथच. ‘पँट्स’चाही असाच घोळ आहे: अमेरिकेत विजार, ब्रिटनमध्ये बहुतेकांना आतले कपडे, पण लँकाशायरमधील कित्येकांना मात्र अमेरिकेप्रमाणे विजारच. ‘ब्रिटिश इंग्रजी’ आणि ‘अमेरिकन इंग्रजी’ असे दोन कप्पे करून भागत नाही, हे एवढ्यावरूनही दिसावे.

बोलीचे ज्ञान केवळ हौसेचे नसते, हे दाखवणारी एक घटना इंग्लंडमध्ये घडली. यॉर्कशायरमध्ये अनेक स्त्रियांचे खून होत असताना, १९७९ साली पोलिसांकडे खुनी असल्याचा दावा करणाऱ्या एका माणसाची ध्वनिफीत आली. ऑर्टन यांच्या पाहणीत वर्षानुवर्षे खेडोपाडी फिरलेल्या स्टॅन्ली एलिस यांनी ती ऐकून बोलणारा ईशान्य इंग्लंडच्या सन्डरलंड शहरातील कॅसलटाउन भागाचा असावा असे सांगितले. पोलिसांनी मात्र खुनी त्याच बोलीचा असणार असे धरून, तशी बोली नसलेल्यांना संशयातून वगळले. ही फीत कोणाची तरी बनवाबनवी असू शकते, हा भाषातज्ज्ञांचा इशारा त्यांनी मनावर घेतला नाही. खरा खुनी ब्रॅडफर्डचा निघाला आणि तो १९८१ च्या जानेवारीत पकडला गेला. फीत पाठवणारा २००५ साली सापडला, तेव्हा तो सन्डरलंडचाच, कॅसलटाउनच्या जवळपासचा होता. दोन-चार मिनिटांच्या बोलण्यावरून माणसाची वस्ती ओळखता यावी इतकी बारीक व्यवस्था ज्या बोलीत आहे, तिला आपण मोडकीतोडकी इंग्रजी म्हणतो.

माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येईल, आणि तो मला मान्यही आहे. आपल्या सदराचे वाचक परीक्षा देणार आहेत, नोकरीसाठी अर्ज लिहिणार आहेत. तिथे ‘वुई वॉज’ लिहून चालणार नाही. त्यांना प्रमाण इंग्रजी नीट शिकवलीच पाहिजे. परंतु प्रमाण भाषा शिकवण्यासाठी बोलीचा अवमान करावा लागत नाही. १९७९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲन आर्बर येथील कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने चाललेल्या खटल्यात न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी शिक्षण मंडळाला आदेश दिला की, मुलांची घरची बोली शिक्षकांनी समजून घ्यावी आणि त्या ज्ञानाचा उपयोग करून त्यांना प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावे. प्रमाण भाषेची गरज न्यायालयाने नाकारली नाही; घरच्या बोलीकडे डोळेझाक करणाऱ्या शाळेमुळे मुलांच्या वाचनात अडथळा येतो, एवढेच ओळखले.

शिवाय हे शब्द कायम राहतील असेही नाही. बोटात शिरलेल्या लाकडाच्या कुसळाला इंग्लंडमध्ये एकेकाळी ठिकठिकाणी ‘स्पेल’, ‘स्पील’, ‘शिव्हर’, ‘स्पेल्क’ अशी नावे होती. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी एका ॲपद्वारे तीस हजारांहून अधिक लोकांकडून माहिती घेऊन २०१६ साली जी तुलना मांडली, तिच्यात जवळजवळ सगळीकडे ‘स्प्लिंटर’च पसरलेला दिसला, न्यूकॅसल आणि सन्डरलंडच्या बाजूला ‘स्पेल्क’ तेवढा तग धरून होता. शब्द जातात आणि नवे येतात, याचे मला दुःख नाही. दुःख याचे आहे की, जे अजून जिवंत आहेत त्यांनाही आपण शिकणाऱ्यांसमोर चुका म्हणून उभे करतो. आपला मुलगा किंवा मुलगी शिकायला ग्लासगोला जाते, घरमालकीण ‘मेसेजेस’ आणायला निघते, तेव्हा ती निरोप आणायला नव्हे, वाणसामान आणायला निघालेली असते. डब्लिनमध्ये कप ‘प्रेस’मध्ये असतात, म्हणजे कपाटात. दक्षिण आफ्रिकेत ‘रोबॉट’पाशी वळायचे, म्हणजे सिग्नलपाशी. इंग्लंडच्या उत्तर भागात कोणी ‘टी’ला बोलावले, तर तो चहा नसून बहुधा संध्याकाळचे जेवण असते, आणि ‘डिनर’ दुपारीच होऊन गेलेले असते.

म्हणून आपल्या सदराच्या लेखकांना माझी विनंती आहे की, त्यांनी ‘चूक’ हा शब्द शिकणाऱ्याच्या खऱ्या चुकांसाठी राखून ठेवावा, आणि प्रत्येक प्रादेशिक रूपापुढे ते कुठे बोलले जाते, लिखाणात चालते की फक्त बोलण्यात, एवढी नोंद द्यावी. भारतीय इंग्रजीतील ‘प्रीपोन’ची ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने अशीच प्रदेशाच्या नावासह दखल घेतली आहे, आपल्याला मिळालेला हा न्याय यॉर्कशायरच्या गिरणी कामगारालाही मिळावा. मागील दोन भागांतील यादीतल्या ‘यूझ’, ‘ॲक्स’, ‘गॉटन’ आणि ‘हिजसेल्फ’ या नोंदींपुरती दुरुस्ती पुढील अंकात छापावी, अशीही विनंती आहे.

त्या माहितीपटातील ते उपशीर्षक प्रक्षेपणापूर्वी मी बदलले. ‘पहाटे आम्ही पार गारठून जायचो’ असे ते आता आहे. तेव्हापासून अशा शब्दांची एक वही मी ठेवली आहे, तिच्यात प्रत्येक शब्दापुढे प्रदेश, अर्थ आणि तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य टिपलेले आहे. सदराच्या लेखकांना उपयोग होणार असेल, तर त्या वहीची प्रत मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली विश्वासू,
एक उपशीर्षक-अनुवादक